म्हातारपणाचे माप

पूर्वी चंपानगरीवर शत्रुदमन राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्मला. त्याचे नाव सुनेत्र. आईवडील लवकर वारल्यामुळे त्याला आत्याने, कुंडलेने, वाढवले. ती राजवाड्यात दिवे लावण्याचे काम करी आणि तिथेच एका खोलीत राही.

सुनेत्र तक्षशिलेला जाऊन वैद्यक शिकला. माणूस म्हातारा का होतो, याचा त्याला ध्यास होता. परतीच्या वाटेवर त्याला वाटत होते की नगरातले सारे वृद्ध आपल्या दारी गर्दी करतील. प्रत्यक्षात कोणीच फिरकले नाही. त्याने एका कुंभाराला आपणहून थांबवले, तेव्हा तो म्हातारा म्हणाला, "मला ताप नाही, खोकला नाही. वय झालंय, एवढंच. त्याला कसलं औषध देतोस?"

सुनेत्र हिरमुसला, पण त्याचा उत्साह ओसरला नाही. लोकांना नको असलेले ज्ञान निदान राज्याच्या कामी यावे म्हणून तो दरबारात गेला.

"महाराज, म्हातारपण एके दिवशी अचानक येत नाही," तो म्हणाला. "शरीर रोज झिजते आणि रोज आपली डागडुजी करते. वय वाढते तशी डागडुजी मागे पडत जाते. डोळ्यातला मणी ताठरतो, हाडे आतून विरळ होतात, जखम भरायला उशीर लागतो. ही झीज बाहेरून मोजता येते. मी तिचे माप तयार केले आहे."

माप साधे होते. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडायची आणि ती सपाट व्हायला किती वेळ लागतो ते पाहायचे. मग माणसाला डोळे मिटून एका पायावर उभे करायचे आणि तोल कधी जातो ते पाहायचे.

राजा खूश झाला. वाड्यातल्या चाकरांना आपले जन्मवर्ष ठाऊक नव्हते. त्यांतले थकलेले कोण ते ओळखून काढून कसे टाकावे, असा प्रश्न प्रधान पुष्कराला पडला होता. "वैद्यराज, हे काम आता तुमचंच," प्रधान म्हणाला. सुनेत्राला राजवैद्याचे पद मिळाले. काढून टाकण्याची गोष्ट त्याने ऐकली होती. पण आपले माप इतक्या माणसांवर वापरून पाहता येईल या आनंदात त्याने तिकडे लक्ष दिले नाही.

ठरल्या दिवशी चाकर अंगणात रांगेने उभे राहिले. दरबारी मंडळी ओट्यावर बसली. कुंडलेची पाळी आली तेव्हा ती शेजारणीला कौतुकाने म्हणाली, "हा माझा भाचा बरं का! लहानपणी चिमटे मी काढायची, आता हा काढतोय."

तिच्या हातावरची कातडी चिमटीतून सुटल्यावरही तशीच उभी राहिली. मग तिने वस्त्र आवरले, डोळे मिटले, पाय उचलला आणि लगेच बाजूच्या घागरींवर जाऊन पडली.

"बगळी उडाली रे!" ओट्यावरून कोणीतरी ओरडले. सगळे हसले. कुंडलाही हसत उठली. सुनेत्राने वर न बघता प्रधानाला खूण केली. कुंडलेचे काम गेले आणि त्याबरोबर खोलीही गेली.

संध्याकाळी तो तिच्याकडे गेला. आत्या आपल्याला बोल लावील अशी त्याची खात्री होती. दार उघडेच होते. आत कुंडला भिंतीला बोटे टेकवून, डोळे मिटून एका पायावर उभी होती.

"कोण, सुनेत्र? ये बाळा. बघ, आता जमतंय," ती म्हणाली. "मघाशी माझी घाई झाली. मी कुठं चुकले ते सांग, उद्या पुन्हा उभी राहते."

"तू काही चुकली नाहीस, आत्या."

"मग काढलं कशाला? माझं राहू दे रे. पण राजवैद्याचीच आत्या पडली, असं लोक म्हणतील. तुझं नाव खाली जायला नको."

सुनेत्राला तिच्याकडे पाहवेना. ज्या वयात माणसाला आधार लागतो, ते वय आपण अचूक ओळखले होते आणि नेमक्या त्याच वेळी आधार काढून घेतला होता. तो बाहेर आला.

पायऱ्यांवर प्रधान भेटला. "तुमच्या आत्याचं आत्ता कळलं. आधी सांगायचं नाही का? तिला ठेवून घेऊ. बाकीचे जाऊ देत."

क्षणभर सुनेत्राला हायसे वाटले. त्या हायसे वाटण्याची त्याला दिवसभरातल्या सगळ्या गोष्टींहून अधिक लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दरबारात उभा राहिला. "महाराज, माप खरे आहे. कोणाला कुठे हात द्यावा हे कळण्यासाठी ते होते. मी ते माणसे हाकलायला दिले. दोष माझा आहे. माझ्या एकट्या आत्याला ठेवू नका. सगळ्यांना हलकी कामे द्या, नाहीतर त्यांच्याबरोबर मीही निघतो."

"तुला कोण काढतंय? तू तरुण आहेस," राजा म्हणाला.

"माझीही झीज सुरू झाली आहे, महाराज. आपलीही."

राजा संतापला. त्याने निर्णय फिरवला नाही आणि सुनेत्राचे पदही काढून घेतले. सुनेत्र वृद्धांना घेऊन वेशीबाहेर गेला. तिथे झोपड्या बांधून तो त्यांच्यातच राहिला. कोणाला काठी हवी आणि कोणाची घागर लहान करायची, हे तो आता त्याच मापाने ठरवू लागला.

पूर्वजन्मीची ही कथा एवढी सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, समोरच्या तरुण भिक्षूंकडे वळले. एका वृद्ध स्थविराच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूच्या, डगमगत्या चालीची नक्कल करून हे तरुण सकाळी हसले होते. शास्ता म्हणाले, "तेव्हा ओट्यावर बसून हसणारे तुम्ही होता. कुंडला म्हणजे आजचे हे स्थविर. आणि तो वैद्य मी होतो."

भिक्षूंच्या माना खाली गेल्या.

"त्या लगेच वर करू नका," शास्ता म्हणाले. "आपल्या हातून घडलेले आपल्यालाच बोचणे हा मोठा गुण आहे. त्याचे नाव लज्जा."