भिवाने गाव का सोडलं

"मग शहरं फुगतात तरी कशानं, महाराज? तुम्हीच सांगा."

प्रश्न विचारून सुगत साळवे थांबला नाही. विद्वानाला प्रश्नही आपला लागतो आणि उत्तरही आपलंच. कारखाने, शाळा, दवाखाने माणसं ओढून घेतात. तुकडे पडलेली जमीन आणि आटलेल्या विहिरी त्यांना ढकलून देतात, असं त्याने हिंगणवाडीच्या मठाच्या पायरीवर बसून म्हाताऱ्या दयाळनाथांना ऐकवलं. वीस वर्षं तो कॉलेजात हेच शिकवत होता. आता त्यावर जाडजूड ग्रंथ लिहून झाला होता.

ग्रंथातलं पहिलं उदाहरण त्याच्या वडिलांचं होतं. दुष्काळात ते याच गावातून शहरात गेले आणि मरेपर्यंत इकडे फिरकले नाहीत. त्या दुष्काळाची हकिगत कुणा जाणत्याकडून ऐकावी, म्हणून तो आला होता.

नाथांनी सगळं ऐकून घेतलं.

"वडलांचं नाव काय?"

"भिवा साळवे."

नाथ पायरीवरून उठले.

"जेवायची वेळ झालीय," ते म्हणाले.

ओसरीवर त्यांनी एकच पत्रावळ मांडली. सुगतला बसवून भाकरी-आमटी वाढली. स्वतःची भाकरी हातावर घेऊन ते काठी टेकत गोठ्यामागे गेले आणि तिथे उन्हात, भुईवर बसले.

सुगतला अवघडल्यासारखं झालं. तो पत्रावळीवरून उठला, मागोमाग गेला आणि इथे का बसता म्हणून विचारू लागला.

"तुझ्या बापाची जागा ही."

सुगत उभाच राहिला.

नाथ तुटक तुटक सांगत गेले. दुष्काळात मठाची विहीर भिवाने खोल केली. सगळं गाव त्या पाण्यावर तगलं. पाणी लागलं म्हणून मठात भंडारा घातला. गावकुसाबाहेरच्या माणसांनी गोठ्यामागे जेवायचं, हा रिवाज. त्या दिवशी भिवा धुतलेला सदरा घालून ओसरीवरच्या पंगतीत येऊन बसला. निदान आज तरी आपल्याला जागा मिळेल, असं त्या भोळ्या माणसाला वाटलं. बाकीच्यांनी हात आखडले आणि सगळे नाथांकडे बघू लागले.

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, ऊठ."

"का?"

"पंगत उठून गेली असती..."

दुसऱ्या दिवशी ते भिवाच्या घरी गेले, तेव्हा दाराला बाहेरून कडी होती. तेव्हापासून नाथ गोठ्यामागेच जेवत आले होते. त्याने काही भरून निघालं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सुगतला वडील आठवले. लग्नकार्यात कितीही आग्रह झाला तरी ते पंगतीला बसायचे नाहीत. भूक नाही म्हणायचे. आणि तो त्यांना चारचौघांत हेकट म्हणायचा. त्याला फार वाईट वाटलं.

"ते तर जन्मभर सांगायचे," तो हळूच म्हणाला, "दुष्काळामुळे गाव सोडलं..."

नाथांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

"दुष्काळानं गेलेली माणसं पाऊस पडल्यावर परत आली, बाळा."