बुजवलेला चर

फार फार जुनी गोष्ट आहे. एका डोंगराच्या उतारावर एक गाव होतं आणि त्या गावाला द्राक्षांचे मळे होते. तसे गोड घड आता कुठे मिळतात म्हणा.

त्या गावाची एक रीत होती. पावसाने वाहून आलेली माती प्रत्येक मळ्याच्या तळाशी खणलेल्या चरात साठायची. मळ्यात वर जाणाऱ्याने रिकाम्या हाताने जायचं नाही. चरातली पाटीभर माती वर न्यायची आणि एखाद्या वेलीच्या बुडाशी ओतायची. जावई आला तरी त्याची सुटका नसे. "जावईबापू, हात मोकळे दिसतात," म्हणत बायका त्याच्या डोक्यावर पाटी चढवायच्या आणि पोट धरून हसायच्या. काय दिवस होते ते.

त्या गावात गेनबा राहायचा. त्याची बायको सगुणा नवी नवरी होती, तेव्हा तिनेही अशीच पाटी वर नेली आणि त्या मातीत एक वेल लावली. पुढे सगुणा गेली, वेल राहिली. गेनबा रोज सकाळी वेलीशी दोन शब्द बोलायचा, मगच कामाला लागायचा.

मग कितीतरी वर्षं पाऊस अगदी शहाण्यासारखा पडला. झिमझिम यायचा, जिथल्या तिथे मुरायचा. माती जागची हलेना. चर कोरडे ठणठणीत पडले.

"आबा, हा चर उगाच जागा अडवून बसलाय," गेनबाचा मुलगा शिरपत एकदा म्हणाला. "बुजवू आणि वेलींची आणखी एक रांग लावू."

"तुझ्या आईने याच चरातली माती वर नेली होती."

"तेव्हा पाऊस तसा होता. आता कुठे राहिलाय तसा?"

बाकी गावाने चर केव्हाच बुजवले होते. गेनबाचाही बुजला. पाट्या शेण भरायला गोठ्यात गेल्या.

आणि पावसाने आपली चाल बदलली. आधी तो लांबला. उन्हाने जमिनीचा नुसता भुगा झाला. मग सगळ्या पावसाळ्याचं पाणी जणू एकाच दुपारी कोसळलं. सुटी माती पाण्याबरोबर निघाली. तिला अडवायला चरच नव्हता, ती थेट नदीला मिळाली.

पाऊस थांबल्यावर गेनबा वर गेला. सगुणाच्या वेलीची मुळं उघडी पडली होती. तो तिथेच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"आबा, चुकलो मी," शिरपत म्हणाला. "आता माती कुठून आणू?"

"जिथे गेली तिथून."

बापलेक नदीकाठच्या खालच्या गावी गेले. तिथल्या शेतांत गाळ पसरला होता. बांधावर एक बाई उभी होती. गेनबाने तिच्याकडे पाटीभर माती मागितली.

"न्या की, बाबा," ती म्हणाली. "पण पाटीने किती न्याल? तुमचा अख्खा डोंगरच उतरलाय आमच्याकडे."

पाटी वर पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. सगुणाची वेल तेवढी जगली. बाकीचा मळा वाळून गेला. शिरपतने आपल्या हातांनी चर पुन्हा खणला.

पुढच्या साली वेलीला एकच घड लागला. गेनबाने एक मणी तोंडात टाकला आणि डोळे पुसले. शिरपत खाली निघाला होता. गेनबाने त्याला हाक मारली.

"येताना हात मोकळे नकोत, बरं का."

तात्पर्य: वाईट दिवसांसाठी केलेली सोय चांगल्या दिवसांत मोडू नये.