ओल्या वॉर्निशाचं दार

भाविकहो, आत्मगिरी महाराज त्या साली खाडीकाठच्या उंडीवाडीला मुक्कामाला होते. मठ कसला, उंडीच्या झाडाखाली अंथरलेली एक घोंगडी. समोर चिखलावर टेकलेलं अनाजीशेट मयेकरांचं जुनं शिडाचं गलबत दिसायचं. दत्तजयंतीला महाराज त्याच गलबतातून पलीकडे जाणार होते, आणि हे अनाजीशेटांनी अख्ख्या गावाला सांगून झालं होतं. काहींना दोनदा.

गलबताची केबिन आतून सगळी सागवानी, आजोबांच्या वेळची. पण वॉर्निश काळं पडलेलं, पापुद्रे सुटलेले. ते खरवडायला झिलू मेस्त्री लावला होता. झिलू काचेच्या तुकड्यानं लाकूड तासायचा आणि दर हाताला पुटपुटायचा, "दत्त, दत्त." नवव्या दिवशी पहाटे, ओहोटीला, तळाची एक कुजकी फळीही त्यानं काढली होती. नवी बसवायची बाकी होती.

त्याच सकाळी अनाजीशेट आत डोकावले.

"काय रे झिलू, लाकूड तासतंस की जप करतंस?"

"दोनय, शेटानू."

"उद्या महाराज बघूक येतत. आजच वॉर्निश होवक व्हया."

"लाकूड अजून ओला आसा. दोन दिवस वारो लागूंदेत. आणि तळाची फळी..."

"तू माका शिकवतंस? जा, महाराजांच्या पायाशी जाऊन बस. तुझ्या दत्तान जा काम आठ दिवसांत केल्यान नाय, ता मी दुपारपर्यंत करतंय."

झिलू खाली उतरला. दाराची पितळी मूठ त्यानं घासायला काढली होती, ती हातातच राहिली.

अनाजीशेटांनी धोतर खोचलं. पहिला ब्रश मारला तो दारावर आणि चौकटीवर. धूळ नको म्हणून ते ओलं दार ओढून घट्ट लावून घेतलं. मग बाक, मग भिंती, आणि शेवटी मागे सरकत सरकत सगळी जमीन. उभं राहायला जागा उरली नाही तेव्हा ते समाधानानं बाकावर टेकले. त्या ओल्या बाकावर!

उठायला गेले, तर धोतर उठेना. हात लांबवून दार ढकललं, तेही चिकटलेलं. धरून हिसका द्यायला मूठ नाही. तेवढ्यात पायांना गार लागलं. भरती चढत होती, आणि तळाच्या मोकळ्या फटीतून खाडी आत येत होती.

ओरडावं तर काठावर बायका मासळी निवडत बसलेल्या. मयेकरांचा शेट स्वतःच्याच वॉर्निशात अडकला, हे घराघरात जेवताना सांगितलं जाईल! शेटांनी तोंड मिटून घेतलं. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. धोतराची गाठ सोडून ते कसेबसे उभे राहिले. छातीला पाणी लागलं तेव्हा मात्र, बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेतानं, ते पुटपुटले, "दत्ता, महाराजा, माझी चूक झाली."

आणि पाणी थांबलं. बाहेर भरती चढतच होती, आत थेंब वाढेना.

इकडे झाडाखाली डोळे मिटून बसलेले महाराज म्हणाले, "झिलू, काच घे आणि पळ. तुझे शेट आत आहेत."

झिलू पोहत गलबतावर चढला. दाराच्या फटीत काच घालून खरवडू लागला. "दत्त, दत्त." आतून तोच नाद ऐकताना अनाजीशेटांना वाटलं, यापेक्षा पाण्यानं झाकलं असतं तर बरं. दार उघडलं. दोघं वर येताक्षणी पाण्यानं उसळून केबिन भरून टाकली.

झिलूनं स्वतःचा पंचा शेटांना दिला. तो कमरेशी मुठीत धरून, मासळीवाल्या बायकांसमोरून, अनाजीशेट झाडापाशी आले. एकही बाई हसली नाही. ते त्यांना जास्त लागलं.

महाराज जागचे हलले नव्हते. घोंगडी कोरडी, अंग कोरडं. उजवा हात मात्र खांद्यापर्यंत भिजलेला, बोटांना खाडीचा चिखल आणि तळव्यावर फळीच्या कडेचा लालभडक वळ.

"फळी बसवायची राहिली होती ना, अनाजी," महाराज म्हणाले. "तोवर हात धरला."

अनाजीशेट महाराजांच्या पायांवर वाकणार, तोच महाराजांनी पाय मागे घेतले आणि झिलूकडे बोट केलं.

झिलू घाबरला. "नको, शेटानू, पंचो सुटात."

अनाजीशेटांनी पंचा सोडला आणि दोन्ही हातांनी झिलूचे पाय धरले.