‘आलंच’ म्हणू नये

एकदा एक वृद्ध गुरुजी आणि त्यांचा शिष्य पायी प्रवासाला निघाले होते. अशा कथांतली माणसं सहसा थकत नाहीत. कोसच्या कोस चालतात आणि वर प्रसन्नही दिसतात. या कथेत मात्र सगळेच थकलेले आहेत. गुरुजींचे गुडघे दुखत होते, शिष्याच्या टाचेला फोड आला होता, आणि भर दुपारी रस्त्यात त्यांना जे कुटुंब भेटलं ते तर पार मेटाकुटीला आलेलं होतं.

नवरा विणकर, भिवा नावाचा. बायको यसू, तिच्या कडेवर वर्षाचं मूल. आणि सहा वर्षांची ठकी, जी धुळीत फतकल मारून बसली होती आणि उठायला तयार नव्हती. यसूचे वडील नदीपलीकडच्या गावी अंथरुणाला खिळले होते. ‘नातवंडांना घेऊन ये, फार दिवस उरलेले नाहीत,’ असा त्यांचा निरोप आला होता. बैलगाडी करणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून पाच दिवसांची वाट ही माणसं पायीच कापत होती. आज तिसरा दिवस होता.

“ऊठ ठके, आलंच बघ आता,” भिवा म्हणाला. त्याच्या पाठीवर गाठोडं होतं आणि खांद्यावर एक जड पितळी घागर. सासुरवाडीला रिकाम्या हाताने कसं जायचं!

ठकी हलली नाही. यसूने आधी गूळ दाखवला, मग बागुलबुवाची भीती घातली. शेवटी शिष्य पुढे झाला. “ती टेकडी दिसते ना? तिच्या मागेच तुझे आजोबा. आलंच!” ठकीने टेकडीकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

“पहिल्या दिशी सारखी ‘आलं का, आलं का’ करायची,” यसू म्हणाली. “आता तेपण इचारत नाही.”

गुरुजी कण्हत धुळीतच ठकीशेजारी बसले. म्हणाले, “बाळ, आलेलं नाही. फार लांब आहे. आज पोचणार नाही, उद्याही पोचणार नाही. परवा संध्याकाळी पोचू.”

ठकीने भोकाड पसरलं.

“बाबा, काय म्हणावं तुम्हांला!” यसू कळवळली. “लेकरू उठलं असतं कसंबसं. तुम्ही तर त्याचा धीरच मोडलात!” शिष्यालाही गुरूंचं हे बोलणं निष्ठुर वाटलं. गुरुजींनी ठकीला मनसोक्त रडू दिलं. रडण्याचा भर ओसरल्यावर त्यांनी विचारलं, “इथून कुठवर चालशील? तूच सांग.” ठकीने नाक पुसलं आणि पन्नास पावलांवरच्या एका बाभळीकडे बोट दाखवलं.

सगळे बाभळीपर्यंत गेले. भिवाला उत्साह आला. “पोरगी चालाया लागलीय, तर रेटू की तसंच पुढं.”

“बाभळीपर्यंत ठरलं होतं,” असं म्हणून गुरुजी खाली बसले. मग सगळ्यांनाच बसावं लागलं. ठकीला दशमीचा तुकडा आणि दोन घोट पाणी मिळालं. थोड्या वेळाने ती आपणहून उठली आणि तिने पुढचं चिंचेचं झाड दाखवलं.

गुरु-शिष्यांची वाटही नदीपर्यंत तीच असल्याने ते बरोबरच राहिले. संध्याकाळी एका देवळाच्या ओवरीत मुक्काम पडला. तिथल्या गुरवाकडे गुरुजींनी घागर ठेवायला लावली. “परतताना घेऊन जा. सासऱ्यांनी नातवंडं बघायला बोलावलंय, घागर बघायला नव्हे.” भिवाचा चेहरा पडला, पण दुसऱ्या दिवशी त्या मोकळ्या खांद्यावर ठकीला बसता आलं. उजाडायच्या आत निघायचं, ऊन चढलं की सावली धरायची, पोरं भुकेने रडायच्या आधी त्यांच्या तोंडात घास घालायचा, असा क्रम गुरुजींनी लावून दिला. यात ब्रह्मज्ञान काही नाही. चार मुलं वाढवलेल्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. घाई झाली की आठवत नाही, इतकंच.

त्या रात्री ओवरीत टेकल्यावर शिष्य म्हणाला होता, “गुरुजी, ‘आलंच’ म्हणण्यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. मुलीला धीर द्यायचा होता.”

“धीर कुणाला हवा होता?” गुरुजी गुडघे चोळत म्हणाले. “मुलाची किरकिर आपल्याला सोसत नाही, ती थांबावी म्हणून आपण ‘आलंच’ म्हणतो. ते बिचारं वळणापर्यंत जातं, बघतं, तर काहीच आलेलं नसतं. असं वीस वेळा झालं की पायांच्या आधी त्याचा विश्वास थकतो. मग आपण खरं बोललो तरी ते उठत नाही. लांब असेल तर लांब आहे म्हणावं. रडू आलं तर रडू द्यावं. झेपेल तेवढंच पुढचं झाड ठरवावं आणि तिथे ठरल्याप्रमाणे थांबावं. लहान पायांनी मोठी वाट अशीच सरते.”

पाचव्या दिवशी दिवस कलताना ते नदीच्या उतारावर आले. खाली नावाडी दिवसाची शेवटची नाव सोडत होता. ती चुकली तर उद्या सकाळपर्यंत अलीकडेच बसावं लागणार होतं. यसूच्या तोंडचं पाणी पळालं.

गुरुजी ठकीजवळ वाकले. “ठके, आता आलं. ते पलीकडे तुझं आजोळ. पण नाव सुटतेय, पळावं लागेल.”

ठकीने एकदाच त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि “थांबा, थांबा!” ओरडत उतारावरून धूम ठोकली. एवढीशी पोर धावत येते आहे हे पाहून नावाड्याने वल्हं आवरलं.

भिवा मुलांना घेऊन नावेत चढला. यसू मात्र पाण्यात एक पाऊल टाकून थबकली आणि मागे वळली. “बाबा, भेटतील ना हो माझे वडील?”

गुरुजींना उतरून धाप लागली होती, त्यांच्याच्याने बोलवेना. उत्तर द्यायची पाळी शिष्यावर आली. ‘भेटतील, नक्की भेटतील,’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते त्याने गिळले. त्याला फार अवघड गेलं.

“ताई, मला ठाऊक नाही,” तो म्हणाला. “पलीकडे उतरलात की घर आलं, एवढंच ठाऊक आहे.”

“घर सोडल्यापासनं जो तो ‘भेटतील, भेटतील’ म्हणतोय,” यसू हळूच म्हणाली. “त्यापायी मला रडतासुदीक येईना.”

नाव निघाली. पाच दिवसांत पहिल्यांदाच यसू पदरात तोंड घालून रडली. भिवा तिला गप्प करायला वळला, तेव्हा ठकीने त्याचा हात धरला आणि आईला रडू दिलं.