विसणाची चिमाबाई

फार वर्षांपूर्वी, ऊनवलीला यायला धड पायवाटही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गावाच्या टोकाला गरम पाण्याचा झरा होता. आज तिथे खोल्या आहेत, फरशी घातलेली कुंडं आहेत, रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. तेव्हा मात्र तिथे चिटपाखरू फिरकत नसे. पाणी इतकं कढत, की फडक्यात बांधून सोडलेले तांदूळ बघता बघता शिजत. ही देवीची चूल, तिला शिवायचं नाही, असं गाव मानायचं.

त्या गावात चिमाबाई सुपारीच्या बागेला पाणी घालायचं काम करी. तिची एकुलती एक लेक सगुणा. तापात पोरीचे पाय गेले. चिमाबाई तिला पाठुंगळी मारून कामावर नेई आणि आपल्यामागे हिला कोण उचलणार, या काळजीने झुरत राही. झऱ्याचं पाणी ओढ्यात मिसळून निवतं तिथे एक लंगडी म्हैस रोज डुंबायला बसायची. एके दिवशी ती चारी पायांवर तुरुतुरु घरी आली, असं म्हणतात.

ते पाहून चिमाबाईने कंबर कसली. पोफळी चिरून त्यांचे पन्हळ केले, एकाला एक जोडले आणि डोंगरावरचं गार पाणी झऱ्यापर्यंत आणलं. भोवती दगड रचून कुंड बांधलं. गावाचा प्रमुख विठू गावकर धापा टाकत आला.

“चिमे, देवीची चूल इझवतेस?”

“इझवत नाय ओ, इसण घालतंय. तुमच्या आयेनं न्हाणाच्या कढत पाण्यात इसण घातलंच ना? मग तिची चूल काय इझली?”

गावकराने सरळ पन्हळ लाथेने उडवला. त्याच क्षणी झरा गप्प झाला. वाफ गेली, पाणी जमिनीत जिरलं आणि कुंड कोरडं पडलं. देवी कोपली म्हणून गावात एकच ओरडा झाला. चिमाबाई मात्र लेकीला घेऊन त्या कोरड्या कुंडात उतरली.

“आये, रागवायचं तर माझ्यावर रागव,” ती म्हणाली. “पण ह्या पोरीला न्हायला घाल. मी थकले गं.”

जमीन गुरगुरली. खालून कढत पाणी उसळलं. विठू गावकर पुढे धावला.

“अरे, पोर भाजंल रे!” असं ओरडत त्याने स्वतःच पन्हळ उचलला आणि कुंडावर धरला. खालचं कढत आणि वरचं गार पाणी सगुणाच्या कमरेशी एक झालं, आणि तिच्या पायाचा अंगठा हलला. ती त्याच दिवशी पळत घरी गेली, असं म्हणतात. एवढी घाई काही नसावी. पण पुढच्या सुपारीच्या काढणीला ती आईच्या पुढे चालत बागेत गेली, हे सगळेच सांगतात.

म्हातारपणी चिमाबाई पन्हळ साफ करायला म्हणून गेली आणि वाफेत मिसळून गेली, असं म्हणतात.

ऊनवलीत अजूनही, ज्याला चालता येत नाही त्यालाच रोज सकाळी आधी कुंडात उतरवतात. गावातले चौघे त्याला उचलून आणतात. विसण घरच्याने नाही, परक्याने घालायचं. आणि उतरणारा कुणीही असो, त्याला सगुणाच म्हणायचं. परवा झुपकेदार मिशांचे एक निवृत्त हवालदार आले होते. त्यांना खाली सोडताना सगळे म्हणाले, “ये गं सगुणा, भिऊ नको.”

हवालदार आधी लाजले. मग पाणी पायांना लागलं, तसे डोळे मिटून हळूच म्हणाले, “आले गं आये.”