एक कवडीही न कापणारा

करंजगडच्या रणधीर महाराजांना सातासमुद्रापलीकडे युवराजांना पैसे पाठवायचे होते, आणि महिना उलटला तरी खजिन्यातून एक होन हलला नव्हता! युवराज तिकडे एका बेटावर जहाजं बांधायला शिकत होते. रोज सकाळी महाराजांच्या सोन्याच्या कव्हरातल्या मोबाईलवर त्यांचा मेसेज येई : "आबासाहेब, आजही उकडलेला बटाटाच. घरमालकीण सामान रस्त्यावर टाकीन म्हणते!"

महाराजांचा जीव तुटत नव्हता असं नाही. पोराच्या काळजीनं त्यांना स्वतःचा घास गोड लागेना. पण हट्ट म्हणजे हट्ट! "माझ्या पैशातून एक कवडीही न कापता पाठवील, असाच ॲपवाला मला हवा," असं म्हणून ते अडून बसले होते.

त्या दिवशी दरबारात तीन ॲपवाले उभे होते.

"आमची फी शून्य, महाराज! अगदी फुकट!" पहिला वाकून म्हणाला.

"आमची फी नावापुरती! आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पैसे पोचतात!" दुसऱ्यानं चुटकी वाजवली.

तिसरा जरा रडतोंड्याच होता. "शंभर होनांमागे दोन होन फी पडेल. पैसे उद्या पोचतील," तो पुटपुटला.

"दोन होन? दिवसाढवळ्या?" महाराज गरजले. "आणि हा पहिला बघा, फुकट पाठवतोय बिचारा!"

तेवढ्यात दाराशी कुणीतरी खुदकन हसलं. सगळ्यांच्या माना वळल्या. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन राही माळीण उभी होती. राजवाड्याच्या फाटकाबाहेर तिची बसायची जागा, आणि मुदपाकखान्यात रोजची भाजी तिचीच.

"हसायला काय झालं गं?" महाराजांच्या भुवया चढल्या.

"फुकट म्हनला न्हवं त्यो, म्हनून हसू आलं, म्हाराज."

"फार अक्कल आहे ना तुला? मग तूच निवड! पण अटी ऐक. खजिन्यातला एकही होन पाठवून बघायचा नाही. 'किती कापता?' असं कुणाला विचारायचं नाही. विचारून विचारून माझी जीभ झिजली, हे नुसत्या शपथा घेतात. दिवस मावळायच्या आत उत्तर हवं. चुकलीस तर फाटकाबाहेरची जागा गेली म्हणून समज!"

राहीनं एकदा फाटकाकडे वळून पाहिलं. त्या जागेवर तिचं घर चालत होतं. पण आता मागे सरून काय उपयोग? तिनं पाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि पहिल्या ॲपवाल्यापुढे जाऊन उभी राहिली.

"दादा, समजा म्हाराजांनी शंभर होन धाडलं. तिकडच्या नाण्यात बदलून युवराजांच्या हातात पडलं. आन् युवराज रुसलं! म्हनलं, 'मला नगं, हाय तेवढं समदं माघारी घ्या.' तर म्हाराजांच्या हातात किती होन येतील? आकडा निस्ता मोबाईलवर दाव. पाठवायचं बटन दाबू नगंस."

फुकटवाल्याच्या कपाळावर घाम आला. "असं उलटं कुणी विचारत नाही, बाई!"

"मी विचारते न्हवं? दाव की!"

महाराज चष्मा लावून स्वतः खाली उतरले. पडद्यावर आकडा होता चौऱ्याऐंशी!

"अरे, फी शून्य ना तुझी? मग माझे सोळा होन गेले कुठे?"

"महाराज, ते... जाताना नाण्याचा भाव थोडा... येताना थोडा..." बोलता बोलता तो मोबाईल अंगरख्यात लपवू लागला.

चुटकीवाल्याच्या मोबाईलवर एकोणऐंशीच निघाले! ह्याचे पैसे वेगानं जात होते खरे, पण वाटेत बरेच सांडत होते. रडतोंड्यानं निमूटपणे मोबाईल पुढे केला. शहाण्णव! जाताना दोन सांगितले, येताना दोन सांगितले, त्यापलीकडे तसूभर फरक नाही.

"पण फुकट म्हणून सांगायचं आणि भावात कापायचं? हे तुला कळलं कसं?" महाराजांनी राहीला विचारलं.

"म्हाराज, मुदपाकखान्यात भाजीवर मी रोज कोथिंबीर फुकट देते का न्हाई?"

"देतेस ना! साऱ्या बाजारात तुझं कौतुक करतो मी!"

"तिचं पैसं मी वांग्यात लावते!"

रोज तिच्याकडून भाजी घेणारा आचारी खांबाआड सरकला. पण महाराजांना आपला हट्ट आठवला.

"ते राहू दे! मी न कापणारा मागितला होता. हाही दोन होन कापतोच. म्हणजे तू हरलीस. तुझी जागा गेली!"

राहीला रडूच आलं असतं, पण डोळ्यांत पाणी यायच्या आधी तिच्या जिभेवर उत्तर आलं.

"एक कवडीबी न कापनारा दरबारात हाय, म्हाराज. म्या त्योबी हुडकलाय."

"कोण तो? पुढे कर त्याला!"

"आपुनच, म्हाराज! महिना झाला, युवराजांच्या पैशातली एक कवडी कमी झाली न्हाई. समदं पैसं हितं खजिन्यात शाबूत हायती, आन् युवराज तिकडं बटाटं उकडत्यात!"

महाराजांचं पोट हललं, मिशा हलल्या, आणि ते असे खदखदून हसले की मुकुट घरंगळून पाटीतल्या मेथीवर जाऊन बसला!

"जिंकलीस, राही, जिंकलीस!" डोळे पुसत त्यांनी रडतोंड्याला जवळ बोलावलं. "पाठव रे शंभर होन युवराजांना, आत्ताच्या आत्ता! आणि फाटकाबाहेरची जागा आजपासून हिच्या नावावर. वर शंभर होन बक्षीस! कुठल्या ॲपवर पाठवू गं तुला?"

राहीनं लगबगीनं पदर पसरला.

"हातात द्या, म्हाराज. शंभरच्या शंभर पोचत्याल!"