गुंजाबाचं बटण

एक होता भुंगा. एवढुस्सा. नाव गुंजाबा. करवंटीची बटणं करायचा. कुरुम कुरुम, चार भोकं, झालं बटण. टोपली भरली, पण घेईना कोणी. गुंजाबाला फार वाईट वाटायचं.

शेजारीच गजाबाई हत्तिणीचा शर्टांचा कारखाना. शर्ट जायचे बोटीने परदेशी. बटणं यायची बोटीने परदेशाहून. शेजारचं बटण चालायचं नाही, बाई!

एकदा काय झालं, एका शर्टाचं बटण पडलं. टप्! गेलं फटीत. नवं येणार महिन्याने. बोट सुटणार संध्याकाळी.

"गजाबाई, गजाबाई, माझं बटण लावा."

"शिक्का नाही, बटण नाही."

गुंजाबा निघाला. भुंग भुंग, भुंग भुंग. भेटला बगळा. एक पाय पाण्यात, एका पायात शिक्का.

"बगळेसाहेब, बगळेसाहेब, शिक्का मारा. शिक्का मारला, की गजाबाई बटण लावतील."

"धुतलं नाही, शिक्का नाही."

गुंजाबा निघाला. भुंग भुंग, भुंग भुंग. भेटली बेडकी. ती बटणं शंभरदा धुऊन बघायची.

"बेडकीमावशी, बेडकीमावशी, बटण धुवा. बटण धुतलं, की बगळेसाहेब शिक्का मारतील. शिक्का मारला, की गजाबाई बटण लावतील."

"शिकला नाहीस, धुणार नाही."

आता घ्या! गुंजाबा निघाला. भुंग भुंग, भुंग भुंग. भेटला पोपट. तो सगळ्यांना बटणं करायला शिकवायचा. स्वतः एकही केलं नव्हतं हं! पण माईक होता, चहा होता, बिस्किटं होती.

"पोपटराव, पोपटराव, मला शिकवा. मला शिकवलं, की बेडकीमावशी बटण धुतील. बटण धुतलं, की बगळेसाहेब शिक्का मारतील. शिक्का मारला, की गजाबाई बटण लावतील."

पोपट ऐटीत उठला. टप्! कोटाचं परदेशी बटण पडलं. कोट उघडा! पोपट पडद्यामागे लपला.

"बटण नाही, भाषण नाही."

गुंजाबाने टोपलीतलं बटण काढलं. सुईदोरा घेतला. टाके घातले. पोपटाने छाती फुगवली. बटण जागचं हललं नाही.

मग काय! पोपटाने शिकवलं, "बटणाला भोकं असतात." गुंजाबाने मान हलवली. बेडकीने बटण धुतलं, डुबुक डुबुक. बगळ्याने शिक्का मारला, ठप्प! गजाबाईंनी बटण लावलं. शर्ट बोटीत चढला. भोंऽऽ! बोट सुटली.

गजाबाई म्हणाल्या, "महिनाभर वाट कोण बघतंय? गुंजाबा, आण ती टोपली. उद्या दुसरी आण."

पोपट सगळ्यांना सांगतो, गुंजाबाला मीच शिकवलं. सांगू दे. त्याच्या कोटाला बटण कोणाचं, ते आपल्याला ठाऊक आहे.